काशिनाथचं पेट्रोल आणि पिवळा दिवा

एका गृहस्थांनी मला एकदा विचारलं होतं, डॅशबोर्डवरचा तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा काढून मिळेल का. दुरुस्ती नको होती, दिवाच काढायचा होता. गाडी झकास पळते, ॲव्हरेज देते, मग डोळ्यांसमोर ही कटकट कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, साहेब, काढतो, पण मग घरात कुणी तक्रार केली की त्यालाही असंच बाहेर काढत जा. ते रागावून निघून गेले. महिनाभराने त्यांची गाडी टोचन लावून माझ्याच दारात आली. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती, आणि ती लावली मात्र होती अगदी व्यवस्थित, कडा कापून.

नाशिकला द्वारकेजवळ माझं गॅरेज. मी मूळचा गाड्यांचा वायरमन. चाळीस वर्षं बॉनेटखाली डोकं घालून उभा राहिलो, शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला. आता गॅरेज भाचा बघतो. मी सकाळी दोन-तीन तास जाऊन बसतो आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसतो. बरं चाललंय. एका दिवाळी अंकाकडून ‘अनुभव लिहा’ असं सांगणं आलं तेव्हा बायको म्हणाली, बढाया मारू नका, एखादी चूक लिहा, ती तरी लोक वाचतील. तिचं ऐकायचं ठरवलं आहे. पण ती चूक कळायची तर हा दिवा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

मी शिकलो तो कार्ब्युरेटरचा जमाना. आमचे उस्ताद लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. उघडून बघितलं की तिसराच निघायचा. गाडी काळा धूर सोडायला लागली तर स्क्रू पाव फेरा आत. तेवढ्यावर गिऱ्हाईक खूश आणि आम्हीही.

मग गाड्यांत कॉम्प्युटर आला. इंजिन किती हवा ओढतंय, पेट्रोल किती फवारलं जातंय, ठिणगी कुठे चुकली, पाणी किती तापलं, हे सगळं तो क्षणोक्षणी बघत असतो. सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, तो धुरातलं विष बरंचसं मारतो. त्या डब्याच्या पुढे एक सेन्सर आणि मागे एक. जळून उरलेला ऑक्सिजन किती, ते दोघंही सांगतात. दोघांचं सांगणं एकसारखं यायला लागलं की कॉम्प्युटर समजतो, डबा आता काही काम करत नाहीये. लोकांना वाटतं, पिवळा दिवा म्हणजे इंजिन फुटायच्या बेतात आहे. तसं नसतं. हा दिवा मुळात आणला गेला तो हवेसाठी. तुमची गाडी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घाण हवेत सोडते आहे किंवा लवकरच सोडेल, एवढंच तो सांगतो. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्यावी, तेव्हा इंजिनात ठिणगी सारखी चुकत असते आणि न जळलेलं पेट्रोल त्या डब्यात जाऊन डबाच जाळतं.

आणखी एक गोष्ट. कॉम्प्युटर उतावीळ नसतो. बहुतेक दोष त्याला एकदा दिसला तर तो मनात ठेवतो, आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तरच दिवा लावतो. फेरी म्हणजे इंजिन चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचा प्रवास. माणसांबद्दल मत बनवताना आपण एवढं थांबत नाही.

दिवा लागला की आमच्याकडे येणं आलं. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर जोडला की पडद्यावर कोड येतो. कोड आला म्हणजे रोग कळला, अशी गिऱ्हाइकाची आणि निम्म्या मेकॅनिक लोकांची समजूत. कोड फक्त तक्रार कुणी केली ते सांगतो. चोर कोण ते सांगत नाही. सेन्सरने बिचाऱ्याने ओरडून सांगितलं की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, तर लोक तो सेन्सरच बदलतात. नवा सेन्सर येतो आणि तोही तेच ओरडतो.

चोर शोधायचा तर दुसरं एक पान उघडावं लागतं. दोष पहिल्यांदा दिसला त्या क्षणाचे आकडे कॉम्प्युटर गोठवून ठेवतो. आम्ही त्याला फोटो म्हणतो. गाडीचा वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, किती जोर लावत होतं, काही गाड्यांत टाकीत पेट्रोल किती होतं तेसुद्धा. हा फोटो म्हणजे लाखमोलाची साक्ष. आणि स्कॅनरवर कोड पुसायचं बटण दाबलं की कोडबरोबर हा फोटोही जातो, परत मिळत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मी विसरलो होतो.

अर्थात सगळ्याच केसेसमध्ये फोटो लागतो असं नाही. देवळ्याचे एक कांद्याचे व्यापारी नवी डिझेल पिकअप घेऊन आले होते. शेतातून मार्केट यार्ड, यार्डातून शेत, दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब पल्ल्याला सलग धावली की जाळी तापते आणि काजळी आपोआप जळून जाते. इथे ती बिचारी तापायचीच नाही, म्हणून तुंबत चालली होती. मी म्हटलं, आग्रा रोडला लागा आणि अर्धा तास न थांबता चालवून या. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “भाऊ, हाई काय दवाई शे का?” पण गेले, आणि दिवा विझवून आले. पुढच्या खेपेला त्यांनी कांद्याची अख्खी गोणी आणून टाकली. आमच्या घरात महिनाभर कांदाभजी चालू होती.

असो. आता चुकीकडे येतो.

कॉलेज रोडला एक दातांचे डॉक्टर आहेत. माझी स्वतःची दाढ त्यांनीच काढली. माणूस सज्जन, हाताला हलका, फक्त घाई फार. त्यांच्या पेट्रोल गाडीवर काशिनाथ नावाचा ड्रायव्हर होता, हरसूलचा. नऊ वर्षं त्यांच्याकडे. कमी बोलणारा, गाडी पुसताना टायरच्या खाचेतले खडेसुद्धा काढणारा. डॉक्टर रोज दवाखान्यात स्वतःच गाडी नेत. काशिनाथचं मुख्य काम म्हणजे डॉक्टरांच्या आईंना, माईंना, सांभाळून हिंडवणं. माई पंचाहत्तरीच्या पुढच्या. दर मंगळवारी त्यांना वणीला सप्तशृंगीच्या गडावर जायचं असायचं, आणि ते काशिनाथबरोबरच.

तेव्हा गॅरेज अजून मीच बघत होतो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर गाडी घेऊन आले. मागे काशिनाथ होता. पिवळा दिवा लागलेला. दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे काय गर्दी असते ते गाडीवाल्यांना माहीत आहे. ज्याला त्याला पूजेच्या आधी गाडी चकचकीत आणि बिनतक्रार हवी असते. सात गाड्या उभ्या होत्या. मी स्कॅनर जोडला, कोड बघितला. मिश्रणात पेट्रोल जास्त. फोटोचं पान उघडलं नाही. बटण दाबून पुसून टाकलं, दिवा गेला.

डॉक्टरांनी विचारलं, कशामुळे होतं हे. मी दुसऱ्या गाडीच्या बॉनेटकडे वळत वळत म्हणालो, “पेट्रोल कुठून भरता? भेसळ असेल.”

हे मी का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. भेसळीने गाडी अडखळते, ठोके देते, पण हा कोड सहसा येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला काहीतरी उत्तर द्यायचं असतं. आमच्या धंद्यात ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि पेट्रोलपंप काही भांडायला येत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, पेट्रोल तर काशिनाथच भरतो.

तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा आली. दिवा पुन्हा तोच, कोड पुन्हा तोच, आणि मीही पुन्हा तोच. या खेपेला तर गर्दीचंही कारण नव्हतं. पण एकदा तोंडातून भेसळ निघाली होती, तेव्हा डोकं त्याच रुळावर. पुसून टाकलं.

डॉक्टर मात्र या वेळी हिशोब घालून आले होते. दोन्ही वेळा दिवा लागला तो काशिनाथ वणीहून परत येताना. ते स्वतः चालवतात तेव्हा कधीच लागला नाही. त्यांनी गॅरेजच्या मधोमध उभं राहून काशिनाथला विचारलं, टाकीत काय ओततोस? बाहेरून डब्यातलं स्वस्त पेट्रोल घेतोस का? रॉकेल मिसळतोस का? आवाज चढलेला नव्हता, पण माझ्या हाताखाली काम शिकणारी दोन्ही पोरं, शेजारचा टायरवाला अन्वर, चहावाला तुकाराम, सगळे ऐकत होते.

काशिनाथच्या हातात काच पुसायचं फडकं होतं. तो माझ्याकडे बघत होता. गाडीतलं ज्याला पुरतं कळतं असा तिथे मी एकटाच होतो, आणि मी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी स्कॅनरची वायर गुंडाळत राहिलो.

तो डॉक्टरांना म्हणाला, “साहेब, नऊ वर्सं माई माझ्या गाडीत बसत्यात. मी त्यांच्या गाडीत राकेल घालीन का?” काशिनाथने फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं, त्यावर किल्ली ठेवली आणि चालत द्वारकेच्या दिशेने निघून गेला.

पुढचा दीड महिना डॉक्टर स्वतः गाडी चालवत होते आणि दिवा काही लागला नाही. त्यांनी मला फोन करून सांगितलं, बघा मुश्ताकभाई, ड्रायव्हर गेला आणि दुखणं गेलं. मी हं म्हटलं. त्या रात्री, खोटं कशाला सांगू, मला चांगली झोप लागली. मला वाटलं, चला, आपला अंदाज बरोबर निघाला. माणूस स्वतःच्या मूर्खपणाला किती पटकन हुशारी समजतो, त्याचा हा नमुना.

एका सकाळी गॅरेजसमोर रिक्षा थांबली आणि त्यातून माई उतरल्या. एकट्या, काठी टेकत. मी धावत जाऊन खुर्ची दिली. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. काशिनाथ गेल्यापासून त्यांचा एकही मंगळवार गडावर गेला नव्हता. मुलाला वेळ नाही आणि दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर त्यांना जायचं नाही. पण त्या तेवढ्यासाठी आल्या नव्हत्या.

“तू म्हणालास म्हणून त्याला चोर ठरवलं,” माई म्हणाल्या. “आता मला सांग, त्याने काय चोरलं?”

वेळ काढायला म्हणून मी विचारलं, माई, गाडीत तुम्हाला कधी काही वेगळं जाणवायचं का? त्या म्हणाल्या, वास यायचा. पेट्रोलचा. निघाल्यावर अर्ध्या तासाने यायला लागायचा, मग त्या खिडकी उघडून बसायच्या. काशिनाथलाही यायचा, त्याने डॉक्टरांना सांगितलंही होतं, पण डॉक्टरांना स्वतः चालवताना कधी आला नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आता माझे कान टवकारले. मी विचारलं, निघताना पेट्रोल भरायचात का? तर म्हणे, दर वेळी. म्हसरूळच्या पुढे पंप आहे तिथे. मी विचारलं, किती? त्यावर माईंनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीवरून उठलो.

माई आणि त्यांचे यजमान तरुणपणी स्कूटरवर गडाला गेले होते आणि नांदुरीच्या चढावर पेट्रोल संपलं होतं. भर उन्हात दोघांनी स्कूटर ढकलली. माई तेव्हा पोटुशी होत्या. तेव्हापासून त्यांचा नेमच होता, गडावर निघायचं ते टाकी काठोकाठ भरून. पंपावरची बंदूक टक् करून आपोआप थांबते, ते माईंना मान्य नसे. त्या मागच्या सीटवरून सांगायच्या, काशिनाथ, थांबू देऊ नको, वर दिसेपर्यंत भर. आणि काशिनाथ उतरून, पंपावरच्या माणसाला सांगून, थेंब थेंब करत तोंडापर्यंत भरून घ्यायचा. माईंचा शब्द त्याने कधी मोडला नाही.

वाचकांपैकी निम्मे जण असंच भरत असतील, म्हणून सांगतो. टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाच्या दाण्यांचा एक डबा असतो, तो वाफ शोषून ठेवतो. इंजिन तापलं की ती वाफ हळूहळू ओढून जाळतं. बंदूक टक् करून थांबते ती याच वाफेसाठी जागा राहावी म्हणून. त्यापुढे भरत राहिलं की पेट्रोल वाफेच्या वाटेने सरळ त्या कोळशाच्या डब्यात उतरतं. मग इंजिन वाफ म्हणून जे ओढतं त्यात नको तेवढं पेट्रोल असतं. मिश्रणात पेट्रोल जास्त. कोड अगदी खरं बोलत होता. इतकी वर्षं त्या कोळशाने ते सोसलं, आता भिजून भिजून त्याची ताकद संपली होती. गडावर पोचेपर्यंत एक फेरी, तिथे इंजिन बंद, परतताना दुसरी फेरी. दोन फेऱ्यांत दोष दिसला म्हणून दिवा परतीच्या वाटेवरच लागायचा. डॉक्टर गावात हिंडताना अर्धी टाकी भरत, म्हणून त्यांना ना वास ना दिवा.

पण हे झालं माझं डोकं. एकदा डोक्यातून काढून बोललो होतो, त्याने एका माणसाची नोकरी गेली होती. आता साक्ष पाहिजे होती.

डॉक्टरांना विनंती करून मंगळवारी गाडी मागून घेतली. माईंना मागे बसवलं आणि म्हसरूळच्या पुढच्या पंपावर थांबलो. बंदूक थांबल्यावर माईंनी सवयीने सांगितलं, वर दिसेपर्यंत. मी भरू दिलं. दिंडोरी ओलांडली आणि वास यायला लागला. गडावर माई पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने वर गेल्या, मी खाली गाडीजवळ बसून राहिलो. मी कुठल्या देवाकडे काही मागत बसणारा माणूस नाही, पण त्या दिवशी दिवा लागू दे असं मनापासून वाटत होतं. गाडी बिघडावी म्हणून मेकॅनिकने दुआ मागायची, हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा. परतताना वणी मागे पडली आणि थोड्याच वेळात दिवा लागला. माई मागून म्हणाल्या, लागला का रे? मी म्हटलं, लागला.

तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना खाली बोलावलं, स्कॅनर जोडला आणि या वेळी फोटोचं पान उघडलं. दोष पहिल्यांदा दिसला तो क्षण जातानाचाच होता. टाकी शंभर टक्के. इंजिन पूर्ण तापलेलं. वेग चोपन्न. कॉम्प्युटरने आपल्या बाजूने पेट्रोल कमी करता येईल तेवढं केलेलं, तरी मिश्रणात ते जास्तच. डॉक्टरांना आकड्यांतलं कळेना, तेव्हा मी त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. पेशंट एका दाढेवर बोट ठेवतो आणि कीड दुसऱ्याच दाढेत असते, असं होतं ना? ते म्हणाले, रोज होतं. मी म्हटलं, मग समजा की मी न बघता चांगली दाढ उपटली. दोनदा.

डॉक्टर म्हणाले, पुसा हे, मी त्याला फोन करतो. मी म्हटलं, पुसणार नाही. तो स्वतः येऊन बघेपर्यंत दिवा असाच राहील. गाडी चालवायला धोका नाही, टाकी फक्त काठोकाठ भरू नका. डॉक्टर बरं म्हणून निघून गेले. पुढचे बारा दिवस ते पिवळा दिवा समोर घेऊन दवाखान्यात जात होते. पेशंट विचारायचे, डॉक्टर, गाडीला काय झालंय? त्यांनी कुणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही.

काशिनाथ फोन उचलत नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशी मी एसटीने हरसूलला गेलो. त्याने मेहुण्याबरोबर भागीत एक जुनी जीप घेतली होती आणि बाजाराच्या माणसांच्या फेऱ्या मारत होता. मला बघून त्याने आधी चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. वास, टाकी, कोळशाचा डबा, माईंची स्कूटर. माझी चूक झाली असंही सांगितलं. तो मध्ये एकदा हसला, माईंच्या नेमावर. मग म्हणाला, गावात कुणीतरी बातमी आणली होती. बायकोने एकदाच विचारलं, खरंच काही केलं का? तिने विचारावं, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं.

मी म्हटलं, चल, तिला मी सांगतो. त्याने नको म्हणून मान हलवली.

“चाचा, हितं सांगून काय उपेग? माझ्यावर आळ आला तो तुमच्या गॅरेजात. चार लोकांत आला. तितंच उतरला पायजे.”

त्यात चुकीचं काही नव्हतं. सोमवारी येतो म्हणाला.

सोमवारी तो आला तो एकटा नाही, बायकोला घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले होते आणि माईंना घेऊन आले होते. माझी दोन्ही पोरं, अन्वर, तुकाराम, त्या दिवशी जे होते ते सगळे मी बोलावून घेतले होते. मी भाषण करणारा माणूस नाही. म्हटलं, काशिनाथचं पेट्रोल चोख होतं. काशिनाथ चोख आहे. मी न बघता बोललो, आणि त्याच्यावर आळ येत असताना गप्प बसलो, ते त्याहून वाईट. डॉक्टर पुढे झाले, त्यांनी हात जोडले आणि नऊ वर्षांची आठवण ठेवायला हवी होती असं म्हणाले. माई म्हणाल्या, चुकलं ते माझं, मी भर म्हणायचे. त्यावर काशिनाथची बायको पदराआड हसली आणि वातावरण जरा सैल झालं.

डॉक्टरांनी त्याला परत कामावर ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आता जीप आहे, ती सोडवत नाही. मंगळवारी मात्र माईंना न्यायला येईन. माईंना तेवढंच हवं होतं. आजही दर मंगळवारी हरसूलची ती जीप कॉलेज रोडला येते आणि माई पुढच्या सीटवर ऐटीत बसून जातात.

राहिला होता दिवा. कोळशाचा भिजलेला डबा मी सकाळीच बदलला होता, फक्त कोड पुसायचा बाकी होता. मी स्कॅनर जोडला, फोटोचं पान उघडलं. काशिनाथने आधी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि बायकोला दाखवला. तिने डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, हे शंभर म्हणजे काय. तो म्हणाला, टाकी भरलेली. ती फक्त ‘हं’ म्हणाली, पण ते त्याला किती पोचलं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं.

पडद्यावर प्रश्न आला होता, सगळं पुसायचं का, हो की नाही. मी स्कॅनर काशिनाथच्या हातात दिला. म्हटलं, तूच दाब, तो तुझा हक्क आहे. त्याने बटणावर अंगठा ठेवला आणि मग न दाबताच स्कॅनर मला परत दिला.

“तुमीच पुसा, चाचा,” तो म्हणाला. “पण आधी वाचा. मोठ्यानं.”

माझी पोरं बघत होती, त्यांना मी धंदा शिकवलेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून एकेक आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला लागलो.